बोटीवरचं जेवण आणि दोन प्लेटी

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार,

तुम्ही पूर्वी बोटीवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, होतात हे तुमच्या सदरात वाचलं, म्हणून हा प्रश्न तुम्हालाच विचारतोय. १९९१ साली, लग्नाला जेमतेम चार महिने झाले असताना, मी आणि बायको मायामीहून बहामाजला चार रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो. बोट होती ‘नॉर्डिक एम्प्रेस’. माणशी साडेपाचशे डॉलर पडले होते आणि ते साठवायला मला सहा महिने लागले होते. ते जेवण मी अजून विसरलेलो नाही. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, रोज तेच टेबल, तोच वेटर, लॉबस्टर, मध्यरात्रीचा बुफे, आणि शेवटच्या रात्री दिवे घालवून वेटरांनी वाजतगाजत आणलेलं बेक्ड अलास्का हे आइस्क्रीमचं पक्वान्न. बायको पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा खात नाही. तिला बहुतेक सॅलड आणि भाजलेल्या बटाट्यावरच भागवावं लागलं, पण मजा खूप आली. बेक्ड अलास्काच्या तर दोन्ही प्लेटी मीच संपवल्या.

गेल्या डिसेंबरात मुलगा, सून, नातू सगळ्यांना घेऊन एका नव्या, पाच हजारांवर प्रवासी असलेल्या बोटीवर गेलो. सात रात्री, माणशी अकराशे डॉलर. माझी घोर निराशा झाली. टेबलक्लॉथ नाहीत, लँब चिवट, मध्यरात्रीचा बुफे बंद, आणि जरा बरं खायचं तर दुसऱ्या रेस्टॉरंटात वेगळे पैसे भरा. बायकोला रोज डाळ, भाजी, पनीर मिळत होतं, पण ते काय, घरीही असतंच. मी आठवडाभर बोलत राहिलो की तेव्हा असं नव्हतं. पाचव्या रात्री मुलगा म्हणाला, “बाबा, जेवण वाईट नाहीये, तुम्ही ते वाईट करताय.” मग टेबलावर कुणी काही बोललं नाही.

यंदा लग्नाला पस्तीस वर्षं होतील. बायको म्हणते, परत क्रूझलाच जाऊ, आपण दोघंच. मला धीर होत नाही. बोटीवरचं जेवण खरंच घसरलंय की माझ्याच डोक्यात काही आहे? आणि जावं का?

– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर

नमस्कार.

जेवण घसरलंय. हे आधी सांगून टाकतो, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त भीती मला ही दिसली की आपल्यालाच भास होतोय का. भास नाही. तुम्ही ज्या ज्या गोष्टींची नावं घेतलीत त्या खरंच गेल्या आहेत आणि त्या कशा गेल्या हे मी आतून पाहिलंय.

मी १९८९ ते २०११ बोटीवर होतो. आमच्या वेंगुर्ल्याकडे आणि खाली गोव्यात हे काही नवल नाही. गोव्यात तर अशा माणसाला ‘तारवटी’ हा खास शब्दच आहे. इंग्रजांच्या बोटींवर आचारी आणि स्टुअर्ड म्हणून गोवेकर पिढ्यान्‌पिढ्या गेले. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावोगावच्या ‘कूड’, म्हणजे एकत्र राहायच्या जागा, होत्या, काही अजून आहेत. कॉन्ट्रॅक्ट मिळेपर्यंत पोरं तिथं ट्रंकेवर बसून दिवस काढायची. मी तसाच एका गोवेकर मित्राच्या ओळखीनं लागलो, भांडी घासण्यापासून. सोडलं तेव्हा गरम विभागात, म्हणजे भाजण्याच्या बाजूला, दुसऱ्या क्रमांकाचा कुक होतो. त्यामुळे तुमचं लँब चिवट का झालं ते मी तुम्हाला नेमकं सांगू शकतो.

तुमच्या १९९१ च्या बोटीवर दोन ‘सीटिंग’ असायची, एक सहा-सव्वासहाचं आणि एक साडेआठच्या सुमाराचं. टेबल ठरलेलं, वेटर ठरलेला. त्यामुळे आम्हाला आत ठाऊक असायचं की अमुक वाजता सात-आठशे माणसं एकदम बसणार, पंधरा-वीस मिनिटांत सूप, मग सॅलड, आणि मग मेन कोर्स. आपल्याकडे लग्नाची पंगत उठते-बसते तसंच. लँबचा रोस्ट ओव्हनमधून बाहेर यायचा तो घड्याळ बघून. थोडा वेळ ठेवून सुरी लावली की मधोमध गुलाबी, कडेला तपकिरी आणि कापल्या जागी रस नुकता वर येतोय असा. तिथून दहा-बारा मिनिटांत तो तुमच्या ताटात.

पुढे पंगत मोडली. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं २००० साली ‘वाटेल तेव्हा या, वाटेल तिथं बसा’ ही पद्धत आणली आणि बाकीच्या कंपन्या हळूहळू त्या वाटेनं गेल्या. लोकांना हेच हवं होतं, हेही खरं. लहान मुलांना घेऊन साडेआठला कोण बसणार? पण गॅलीचं गणित उलटं झालं. साडेपाच ते साडेनऊ माणसं ठिबकत येणार. लँब आधी भाजून गरम कपाटात ठेवायचं, आणि अमेरिकेच्या आरोग्य खात्याचा नियम असा की गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या खाली येता कामा नये. नियम योग्यच आहे. बोटीवर एकाला पोटाचा त्रास झाला की चार दिवसांत शंभर जणांना होतो. अमेरिकन बंदरातून सुटणाऱ्या बोटींच्या गॅलीत त्यांचे इन्स्पेक्टर न सांगता येतात, शंभरपैकी गुण देतात, ८६ च्या खाली आलात तर नापास. मी त्या माणसांच्या हातातला थर्मामीटर बघून घाम पुसलेला आहे. पण त्या कपाटात पाऊण तास बसलेलं लँब आतपर्यंत शिजत राहतं. गुलाबी रंग राखाडी होतो, रस खाली ट्रेमध्ये जातो. तुमच्या ताटात आलं ते हे. कुकला येत नव्हतं असं नाही.

दुसरी गोष्ट बुचरची. माझ्या पहिल्या बोटीवर बुचरशॉपमध्ये चार माणसं पहाटे तीनपासून अख्खे पाय, अख्खी कंबर घेऊन कापत असायची. हाडं स्टॉकसाठी आमच्याकडे यायची, चरबी वेगळी, तुकडे वेगळे. मी सोडायच्या सुमाराला मांस किनाऱ्यावरच कापून, वजन करून, पाकीटबंद येऊ लागलं होतं. बुचरशॉपमधली माणसं कमी झाली, हाडं येईनाशी झाली. हाडं नाहीत तर स्टॉक कशाचा करणार? पुडीचा. सॉस बदलला तो तिथं. तुम्हाला ‘काहीतरी कमी आहे’ असं वाटलं असेल तर ते काहीतरी म्हणजे ती हाडं.

मग कोविड. मार्च २०२० मध्ये सगळ्या बोटी थांबल्या. अमेरिकेतून पुन्हा प्रवासी घेऊन सुटायला २०२१ चा जून उजाडला. तेवढे महिने बोटी नांगरून ठेवायच्या, पगार, डिझेल, डागडुजी, आणि उत्पन्न शून्य. सगळ्यात मोठ्या कंपनीवरचं कर्ज तीस अब्ज डॉलरच्या वर गेलं. ते फेडायचं कुठून? जिथून कुणी लगेच आरडाओरडा करत नाही तिथून. मेन्यू आखडले, रात्रीच्या खोलीतल्या जेवणाला पैसे लागले, एका कंपनीनं २०२२ मध्ये तिसऱ्या मेन कोर्सला पाच डॉलर लावले. लॉबस्टरच्या रात्री आधी कितीही शेपट्या मागा, वेटर आनंदानं आणायचा. आता बऱ्याच ठिकाणी एक फुकट, पुढचीचे पैसे.

इथवर मी सगळं तुमच्या बाजूनं बोललो. पण आता वही काढा, कारण तुम्ही पत्रात दोन आकडे स्वतःच दिलेत आणि ते एकमेकांशेजारी ठेवले नाहीत.

१९९१ चे ५५० डॉलर म्हणजे महागाई धरून आजचे साधारण तेराशे. चार रात्रींचे. म्हणजे रात्रीला सव्वातीनशे. गेल्या डिसेंबरात तुम्ही सात रात्रींचे अकराशे दिलेत, रात्रीला एकशेसत्तावन्न. तुम्ही निम्म्याहूनही कमी पैशांत गेलात. आणि त्या पैशांत पाण्याच्या घसरगुंड्या, बर्फावरचे खेळ, नातवाचा क्लब, रात्रीचे शो, हे सगळंही आलं. बोट तीच राहिली, मालक लबाड झाले, असं झालेलं नाही. भाडं महागाईच्या मागे राहिलं आणि त्याची भरपाई ताटातून झाली. १९९१ सारखं जेवण आजही पाण्यावर मिळतं. पण त्याला १९९१ सारखेच पैसे पडतात, आजच्या डॉलरात. त्याकडे मी शेवटी येतो.

वेगळे पैसे भरून चांगलं खाण्याचा जो तुम्हाला इतका राग आला, तोही नवा नाही. ‘अमेरिका’ नावाच्या जर्मन बोटीवर १९०५ मध्ये हॉटेलवाल्या रिट्झच्या नावानं रेस्टॉरंट उघडलं होतं, ऑर्डरप्रमाणे करून देणारं, तिकिटाव्यतिरिक्त पैसे घेऊन. ‘टायटॅनिक’वरही तसंच एक होतं. पहिल्या वर्गाचं तिकीट काढलेली माणसं तिथं वर पैसे भरून जेवत होती. मधली काही वर्षं, साधारण सत्तर ते नव्वदचं दशक, अशी होती की एका तिकिटात सगळं आणि सगळ्यांना सारखं. तुम्ही नेमके त्या वर्षांत गेलात. ती वर्षं चांगलीच होती, मी त्यातच वाढलो. पण तो काही बोटींचा सनातन धर्म नव्हता.

आता मध्यरात्रीचा बुफे. तुम्हाला तो अलिबाबाच्या गुहेसारखा आठवतोय, आणि तसा तो होताच. पण मला तो दुसऱ्या बाजूनं आठवतो. दोन दिवस आधी कलिंगडं कोरायला बसायचं. फिलिपिनो मुलं त्यात वाकबगार. हातभर सुरीनं नव्हे, बोटाएवढ्या पात्यानं त्यातून हंस, गुलाब, कोळ्याची टोपलीसुद्धा काढायची. फ्रीझरमध्ये हातमोजे घालून एक जण बर्फाचा घोडा तासायचा. अख्ख्या सामन माशाला काकडीच्या पातळ चकत्यांचे खवले लावायचे, एकेक चकती चिमट्यानं, आणि वरून जेलीचा हात, म्हणजे दिव्याखाली चमकेल. साडेअकराला दारं उघडायची ती नुसती फोटो काढायला. बाराला खायला. आणि एक वाजता आम्ही जे कचऱ्यात ओतायचो ते मला अजून बघवत नाही. लोक तीन तासांपूर्वी पाच कोर्स जेवून उठलेले असायचे. हंस कोण खाणार? आमच्या घरी माझ्या आईनं कधी भाताचं शीत वाया जाऊ दिलं नव्हतं. मी तिला पत्रात बुफेचं वर्णन कळवायचो, एक वाजताचं कधी लिहिलं नाही. तो बुफे बंद झाला याचं मला तुमच्याइतकं दुःख नाही, आणि हे मी मनापासून सांगतोय. त्या कोरणाऱ्या मुलांच्या हातांचं दुःख आहे. ती कला आता कुणाला शिकवायची गरज राहिली नाही.

पण तुमच्या पत्रातली ज्या जागी मी खरा थांबलो, ती जागा वेगळी आहे. ती दोन वाक्यं मी तीनदा वाचली. “बायको पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा खात नाही,” आणि थोडं पुढे, “बेक्ड अलास्काच्या तर दोन्ही प्लेटी मीच संपवल्या.”

बेक्ड अलास्का कसं करतात हे तुम्हाला सांगतो. खाली स्पंज केक, त्यात अंडी. वर दगडासारखं घट्ट आइस्क्रीम, चांगल्या बोटीवर तेही अंड्याच्या पिवळ्या बलकातलं. आणि त्यावर चहूबाजूंनी जाड थर फेसलेल्या मेरिंगचा, म्हणजे निव्वळ अंड्याचा पांढरा भाग आणि साखर. तो थर ओव्हनच्या आचेनं वरून बदामी होतो, आणि आतल्या हवेमुळे आइस्क्रीमपर्यंत आच पोचत नाही. मग अंड्याचंच अर्धं कवच धुऊन त्याच्या डोक्यावर वाटीसारखं खोचायचं, त्यात कोमट ब्रँडी ओतायची आणि पेटवायची. आम्ही गॅलीच्या दारात रांग लावून उभे असायचो, शंभर-सव्वाशे ट्रे. बाहेर दिवे गेले की हेड वेटर हात वर करायचा आणि एका काडीवरून दुसरी अशी निळी ज्योत रांगभर पळत जायची. ब्रँडीचा आणि जळक्या साखरेचा वास. आणि मग बँड. तुम्ही नॅपकिन गरागरा फिरवत होतात ना? आम्हाला दारातून फक्त ते पांढरे नॅपकिन दिसायचे.

त्या पदार्थात वहिनींना खाता येईल असं काहीही नव्हतं. केक नाही, आइस्क्रीम नाही, वरचा फेस तर नाहीच, शेंड्यावरची वाटीसुद्धा अंड्याची. लग्नाला चार महिने झालेली मुलगी, चार रात्री बटाटा आणि सॅलडवर काढलेली. आजूबाजूला सगळी डायनिंग रूम टाळ्या वाजवतेय, समोर तिच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर दिसणारी प्लेट ठेवलीय, आणि तिनं ती उचलून तुमच्याकडे सरकवली. तुम्हाला आठवतं ते हे की तुम्ही दोन खाल्ल्या.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही सव्वीस-सत्तावीसचे असाल, सहा महिने पैसे साठवून बायकोला घेऊन गेलात, तुम्हाला सगळं तिला द्यायचं होतं आणि तुम्ही दिलंतही. पण ‘जेवण घसरलं का’ या प्रश्नाला ‘कुणासाठी’ हे शेपूट लावल्याशिवाय उत्तर देता येत नाही. त्या काळी आमच्या गॅलीत शाकाहारी पाहुणा म्हणजे उकडलेल्या गाजर-ब्रोकोलीची प्लेट, हे मी स्वतः हातानं लावून पाठवलंय. कुणी जास्त विनवणी केली तर आम्ही भारतीय कुक मंडळी क्रू मेसमधली आमची डाळ वाटीत घालून वर धाडायचो, तीही चोरून, कारण क्रूचं जेवण पाहुण्याला द्यायची परवानगी नव्हती. एका जैन बाईंना मी आठवडाभर नुसता भात, दही आणि सफरचंद पाठवलं. त्या उतरताना माझ्या हातात दहा डॉलर ठेवून गेल्या आणि मला कुठं तोंड लपवावं ते कळेना.

आज त्याच प्रकारच्या बोटीवर शाकाहारी भारतीय पदार्थ रोज रात्री मेन्यूवर छापलेला असतो, किंवा आदल्या दिवशी सांगितलं की केला जातो. डाळ असते, भाजी असते, पनीर असतं, बुफेत एक कोपरा असतो. अंड्याशिवायचा गोड पदार्थ मागता येतो आणि वेटरला तो म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही लिहिलंत, “ते काय, घरीही असतंच.” हो, घरी असतं, कारण घरी वहिनी ते करतात. सात दिवस दुसऱ्या कुणीतरी करून, गरम वाढून, पुढ्यात आणून ठेवलेली डाळ ही घरी नसते.

म्हणून परत क्रूझलाच जाऊ असं त्या म्हणतात. तुमच्यासाठी गेल्या डिसेंबरची सहल उताराची होती. त्यांच्यासाठी चढाची असावी, असा माझा अंदाज आहे. अंदाजच, कारण जेवणाबद्दल वहिनी स्वतः काय म्हणतात ते तुमच्या पत्रात कुठंच नाही. त्यांना विचारा. “तुला १९९१ मधलं काय आठवतं,” एवढंच विचारा, आणि उत्तराच्या मध्ये लॉबस्टर आणू नका.

आठवणीबद्दल थोडं. तेव्हा तुम्ही अमेरिकेत नवे होतात, बहुधा अपार्टमेंटमध्ये एका कुकरवर चालवत होतात. लॉबस्टर आयुष्यात पहिल्यांदा खाल्लंत. पहिल्यांदा खाल्लेल्या गोष्टीशी कुठलाच कुक स्पर्धा करू शकत नाही. आज तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर भारतीय दुकानांचा ओक ट्री रोड आहे, लॉबस्टर सुपरमार्केटात मिळतं, मुलगा तुम्हाला न्यूयॉर्कमध्ये चांगल्या ठिकाणी जेवायला नेत असेल. तुमची जीभ शिकली. आणि साठीनंतर नाकाचा वास घेण्याचा गुण कमी होत जातो, आणि चवीचा मोठा भाग नाकातच असतो. मलाही आता तिरफळ दोन जास्त टाकावी लागतात. काही औषधांनीही तोंडाची चव बदलते. हे सगळं मिळून किती आणि बोटीचं किती, याची वाटणी करत बसू नका. दोन्ही खरं आहे.

मात्र एक गोष्ट तुम्ही जेवण समजताय ती जेवण नव्हती असं मला वाटतं. रोज तेच टेबल, तोच वेटर, शेजारी तीच अनोळखी माणसं. दुसऱ्या रात्री वेटरला तुमचं नाव पाठ, तिसऱ्या रात्री तुम्ही न सांगता तो जास्तीचं लिंबू आणतो. माझ्या काळी एका वेटरकडे आणि त्याच्या मदतनीसाकडे एका वेळी वीस-बावीस माणसं असायची, म्हणून ते जमायचं. तुम्हाला त्या वेटरचं नाव अजून आठवत असेल, पैजेवर सांगतो. लॉबस्टरबरोबर काय भाजी होती ते आठवणार नाही.

आणि ही गोष्ट अजून मिळते! तिकीट काढताना बऱ्याच कंपन्यांत विचारतात, ठरलेल्या वेळचं टेबल हवं की वाटेल तेव्हाचं. तुम्ही, किंवा तुमच्या वतीनं मुलानं, बहुधा दुसरं निवडलं असणार. या वेळी ठरलेल्या वेळचं घ्या, पहिलं सीटिंग मागा. गॅलीतून सांगतो, पहिल्या सीटिंगला रोस्ट त्याच्या उत्तम वेळी असतो. पहिल्या संध्याकाळीच हेड वेटरला भेटा, वहिनी काय खात नाहीत ते शांतपणे सांगा, उद्याचं आज सांगू हेही सांगा. आतमध्ये भारतीय कुक जवळपास नक्की असणार. त्याच्यापर्यंत निरोप गेला की तो डाळीला स्वतःच्या घरची फोडणी देतो, हे मी शपथेवर सांगतो, मी दिली आहे. तुम्ही स्वतः भाजलेल्या मोठ्या मांसाऐवजी मासा किंवा स्टेक मागवा, जे मागवल्यावर तव्यावर पडतं. सकाळी बुफेच्या गर्दीत न जाता डायनिंग रूममध्ये बसून नाश्ता करा. अंडी तिथं तुमच्या नावानं फुटतात.

पैसे सैल सोडायची तयारी असेल तर लहान बोट घ्या. ओशियानियासारख्या कंपन्यांच्या जुन्या बोटींवर सातशेच्या आत प्रवासी असतात, वेगळ्या रेस्टॉरंटांचे वेगळे पैसे नाहीत, आणि त्यांचं नावच जेवणावर आहे. भाडं तुम्ही डिसेंबरात दिलंत त्याच्या दुप्पट-तिप्पट जाईल. म्हणजे रात्रीला साधारण तेच, जे तुम्ही १९९१ मध्ये दिलं होतं.

आणि आता एक बातमी, जी तुम्हाला ठाऊक नसावी. तुमची ‘नॉर्डिक एम्प्रेस’ अजून चालू आहे. १९९० ची बांधणी, मधे नाव बदललं, स्पेनच्या कंपनीकडे गेली, परत आली, क्यूबाच्या फेऱ्या केल्या, आणि २०२१ पासून कॉर्डेलिया नावाच्या कंपनीकडे भारतात आहे. मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जाते. ज्या बोटीवर वहिनींनी बटाट्यावर दिवस काढले तिच्यावर आता जैन जेवण मिळतं. पुढच्या वेळी भारतात याल तेव्हा दोन रात्री काढा. १९९१ चं काही शोधायला जाऊ नका, सगळं बदललेलं असेल. वहिनींना एकदा त्या बोटीवर पोटभर जेवू द्या, एवढ्यासाठी जा.

मुलाला फोन करा. त्यानं जे म्हटलं ते तिखट होतं, पण खोटं नव्हतं. त्याला सांगा की लँब खरंच वाईट होतं आणि मी खरंच जास्त बोललो. दोन्ही सांगा.

लग्नाच्या वाढदिवसाला मात्र बोटीची वाट बघू नका. घरी बेक्ड अलास्का करा, अंड्याशिवाय. तुम्ही करा, वहिनी नव्हे. डब्यातल्या छोल्यांचं पाणी पाऊण वाटी घ्या, त्यात लिंबाचे चार थेंब. इलेक्ट्रिक बीटरनं दहा मिनिटं फेसा, पिठीसाखर चमचा-चमचा घालत. अंड्याच्या पांढऱ्यासारखा पांढराशुभ्र फेस उभा राहतो, छोल्यांचा वास राहत नाही. बीटर उचलला की शेंडा ताठ उभा राहिला पाहिजे. बिनअंड्याचा केक अर्ध्या इंचाचा कापा, त्यावर व्हॅनिला आइस्क्रीम. डब्यावर नीट वाचून घ्या, अमेरिकेत बऱ्याच चांगल्या व्हॅनिलात अंडं असतं. दोन्ही रात्रभर फ्रीझरमध्ये. दुसऱ्या दिवशी फेस वरून भराभर थापा, आइस्क्रीमचा ठिपकाही उघडा राहता कामा नये. हा फेस ओव्हनच्या आचेनं खाली बसतो, म्हणून छोट्या हँडटॉर्चनं वरून बदामी करा. अंड्याच्या कवचाऐवजी लिंबाची अर्धी फोड पिळून, आतून खरवडून, वाटीसारखी वर खोचा. त्यात ब्रँडी एक चमचा, ती आधी कोमट करा, थंड ब्रँडी पेटत नाही. पडदे, कागदी नॅपकिन लांब ठेवा.

दोनच प्लेटी करा. एक त्यांची, एक तुमची. आणि दिवे घालवायच्या आधी काडेपेटी कुठं ठेवलीत ते बघून घ्या, अंधारात सापडत नाही, आणि ज्योत विझायच्या आत टेबलापर्यंत पोचायला तुमच्याकडे अर्धं मिनिट असतं.